दोन नंबरची सीडी, दोन वेळा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आयर्न मेडन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'फ्लाइट ६६६' या लाइव्ह अल्बमच्या डबल सीडीत पहिली सीडी नसणे, दुसरी दोनदा असणे, आणि त्याबद्दलची तक्रार तीन वेळा परस्पर बंद करणे.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी गेल्या महिन्याच्या ४ तारखेला वरील डबल सीडी मागवली. किंमत १,८९९ रुपये, पैसे आगाऊ भरले. पार्सल ९ तारखेला आलं, मी ते ११ तारखेला उघडलं. आत दोन सीड्या होत्या आणि दोन्हींवर '२' छापलेलं होतं. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला. मग दोन्ही आळीपाळीने लावून पाहिल्या. दोन्ही 'पॉवरस्लेव्ह' या गाण्याने, म्हणजे कोस्टा रिकातल्या सान होसेच्या कार्यक्रमापासून सुरू होतात आणि दोन्ही टोरांटोच्या कार्यक्रमात संपतात. आतल्या कड्यावर कोरलेला बारीक क्रमांकही भिंगाखाली धरून वाचला. तो अक्षर न् अक्षर सारखा आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

आपल्याकडे माझी तक्रार 'निकाली' दिसते. ती कशी निकाली निघाली ते आधी सांगतो, कारण आतापर्यंतच्या उत्तरांवरून ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

१२ तारखेला ॲपवरच्या चॅटमध्ये गेलो. तिथे कारणांची यादी होती: वस्तू तुटली, वस्तू चालत नाही, रंग वेगळा आला, माप बसत नाही. 'एकच सीडी दोनदा आली' हे कारण यादीत नव्हतं. म्हणून 'वस्तू चालत नाही' निवडलं. यंत्राने विचारलं, वस्तू सुरू होते का? मी खरं ते लिहिलं, होते. तक्रार बंद.

१३ तारखेला फोन केला. पलीकडचा मुलगा बोलायला चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. साहेब, मी बेचाळीस वर्षांचा माणूस आहे. सीडीचं पाकीट उघडताना एका हातात मोबाइल धरून चित्रीकरण करायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. फोटो चालतील का विचारलं, तो चालतील म्हणाला. पाठवले. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: फोटोत दोन सीड्या दिसत आहेत, संख्या बरोबर आहे. तक्रार बंद.

तिसरं उत्तर मी छापून ठेवलं आहे. त्यात म्हटलं आहे की या अल्बममध्ये १६ गाणी आहेत आणि मला मिळालेल्या दोन सीड्यांवर मिळून १६ गाणी भरतात. हिशेब चोख आहे. आठ दुणे सोळा. फक्त ती आठच गाणी आहेत, दोनदा. पुढे लिहिलं होतं की परत करण्याची सात दिवसांची मुदत आता संपली आहे, आणि 'सदिच्छा म्हणून' १५० रुपयांचं कूपन देत आहोत, जे ९९९ रुपयांच्या पुढच्या खरेदीवर चालेल. शेवटी एक सल्लाही होता: ही गाणी ऑनलाइनही ऐकता येतात. पंगतीत एखाद्याच्या पानात भातच वाढला नाही आणि त्याने मागितला, तर 'कोपऱ्यावर हॉटेल आहे की' म्हणावं, तसं हे झालं. ऑनलाइनच ऐकायचं असतं तर आपल्या दुकानात कशाला आलो असतो?

आता, पहिली सीडी नसल्याने नेमकं काय गेलं ते सांगतो. आपल्या लोकांना हा फरक कळलेला नाही असं त्यांच्या उत्तरांवरून दिसतं.

आयर्न मेडन हा १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेला बँड. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने तो काढला, आणि आजही त्याचं गिटार घोडं दौडल्यासारखं वाजतं. २००८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या मंडळींनी जगभर जो दौरा केला त्याची सोय अजब होती. बोईंग ७५७ विमान घेतलं, मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे वाद्यं आणि रंगमंचाचं सामान भरलं, आणि विमान चालवायला बसला त्यांचाच गायक, ब्रूस डिकिन्सन. रात्री गायचं आणि मग विमान उडवून पुढच्या देशात जायचं. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. त्यावर माहितीपट निघाला आणि त्याच्यासोबत २००९ मध्ये हा अल्बम आला. अल्बमची गंमत अशी की प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे. सोळा गाणी, सोळा शहरं. मेलबर्न, सिडनी, टोकियो, मेक्सिको सिटी, बोगोटा, ब्युनोस आयर्स. आणि यातलं पहिलं शहर मुंबई.

दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली होती. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. कार्यक्रमाचं पहिलं गाणं 'एसेस हाय', मूळ १९८४ सालचं, १९४० च्या हवाई युद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांवरचं. म्हणजे अख्ख्या दौऱ्याच्या पहिल्या रात्रीचं पहिलं गाणं अल्बमवर आहे आणि ते आमच्या मैदानातलं आहे. ते पहिल्या सीडीवर आहे.

त्या मैदानात मी होतो.

त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २००७ मध्ये, हा बँड पहिल्यांदा भारतात आला तो बंगळुरूला. तेव्हा नोकरी लागून तीन महिने झाले होते, रजा मागायची छाती झाली नाही. त्यामुळे मुंबईची घोषणा झाल्यावर मी आणि माझा मित्र, दोघांनी डोंबिवलीहून जायचं पक्कं केलं. त्याने ऑफिसात आजीचं आजारपण सांगितलं, मी दाढदुखी सांगितली. दुपारपासून धुळीत उभे. काळे टी-शर्ट, त्यातले निम्मे फॅशन स्ट्रीटवरचे. आमच्या पुढे नागपूरहून आलेली पोरं होती, त्यांनी डब्यातून आणलेला चिवडा सगळ्या रांगेत फिरवला.

मग दिवे गेले आणि चर्चिलचा आवाज आला. कार्यक्रमात हे गाणं असंच सुरू होतं, त्याच्या १९४० सालच्या भाषणाच्या तुकड्याने. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत सहा महिने आत होते. त्यांचा नातू मुंबईच्या मैदानात उभा राहून चर्चिलच्या आवाजावर घसा फोडून ओरडतोय, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. भाषण संपलं, गिटारं सुटली, आणि पुढची पाच मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बसला होता एवढं आठवतं. दाढदुखीच्या थापेला तो उपयोगी पडला.

परत येताना कुर्ला स्टेशनपर्यंत चालत आलो. गाडीत एक आजोबा आमच्या टी-शर्टवरच्या, बँडचं चिन्ह असलेल्या सांगाड्याकडे घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कोण बाबा?" मित्र म्हणाला, "कुलदैवत."

लाइव्ह अल्बम म्हणजे स्टुडिओत वाजवलेलीच गाणी पुन्हा, असं आपल्या उत्तर देणाऱ्यांना वाटत असावं. म्हणूनच ते मला 'हीच गाणी इतरत्र उपलब्ध आहेत' असं कळवतात. पण स्टुडिओतल्या गाण्यात समोर कोणी नसतं. इथे समोरच्या हजारोंचा आवाज गाण्याचाच भाग आहे, वेगळ्या माइकवर पकडलेला, वाद्यांच्या मागे बसवलेला. सान होसेचे लोक वेगळे ओरडतात, साओ पाउलोचे तर गिटारची धूनसुद्धा तोंडाने गातात. त्यामुळे मुंबईच्या जागी टोरांटो दोनदा देऊन हिशेब पुरा होत नाही. त्या पाच मिनिटांत मागे जी गर्दी आहे तिच्यात माझा आवाज आहे. ऐकू येत नाही, मान्य. पण आहे.

हा अल्बम आला तेव्हाच का घेतला नाही, असं कोणी विचारेल. घेतला होता. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, ते दुकान चालू असताना. ती सीडी २०१९ च्या पावसात आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. आता मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला स्वतःहून हे संगीत आवडायला लागलं आहे, मी काहीही न सांगता. तिच्या वाढदिवसाला म्हणून ही डबल सीडी मागवली होती. जुना प्लेअर दुरुस्त करून आणला, बेल्ट बदलायला चारशे रुपये गेले. तिला समोर बसवून म्हटलं, ऐक, पहिलंच गाणं आहे, तुझा बाप आहे यात. आणि लागलं कोस्टा रिका. दुसरी लावली, पुन्हा कोस्टा रिका. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नक्की कुठे गेला होतात?"

तो मित्र आता टोरांटोजवळ राहतो. त्याला सांगितल्यावर तो फोनवर पाच मिनिटं नुसता हसत होता. त्याचं आताचं गाव त्याला माझ्या सीडीवर दोनदा मिळालं आणि माझं मला एकदाही नाही.

आता मूळ मुद्दा, जो मला जास्त गंभीर वाटतो. ही वस्तू नवी म्हणून विकली गेली, पण ती नवी नव्हती असा माझा दावा आहे. बाहेरचं प्लास्टिकचं वेष्टण कारखान्यातलं नाही. कारखान्यात ते घट्ट आवळलेलं असतं, हे सैल होतं आणि एका बाजूला इस्त्रीने चिकटवल्यासारखी जाड शिवण होती. केसच्या बिजागरीचा एक दात तुटलेला आहे, पण तुटलेला तुकडा आत कुठेही नव्हता. बुकलेटच्या चौथ्या पानावर अंगठ्याचा तेलकट ठसा आहे, तो माझा नाही. मागे जुनं लेबल खरडून काढल्याचा डिंक आहे. फोटो क्रमांक ५ ते ८ पाहावेत.

माझा अंदाज असा. आपल्याकडे असे दोन सेट कधीतरी परत आले. कोणीतरी ते तपासायला उघडले, चार सीड्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा भरताना एका केसमध्ये दोन्ही एक नंबरच्या आणि दुसरीत दोन्ही दोन नंबरच्या गेल्या. वेष्टण चढवलं आणि दोन्ही नवे म्हणून विकले. म्हणजे या क्षणी कोणा गृहस्थाकडे मुंबई दोनदा आहे आणि टोरांटो नाही. तोही आपल्या चॅटमध्ये 'वस्तू सुरू होते का' याचं उत्तर देत बसला असेल. त्याचा पत्ता मी मागत नाही, पण आपल्या नोंदींत तो सापडायला हवा. सापडला तर दोघांचंही काम एका फेरीत होईल.

परत आलेला माल नवा म्हणून विकणं याला आमच्याकडे दोन नंबरचा धंदा म्हणतात. सीडीवर तसं छापूनही आलंय, हा योगायोग.

कायद्याचं थोडक्यात. ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आपली सात दिवसांची मुदत या नियमाच्या वरची नाही. शिवाय मी पहिली तक्रार तिसऱ्याच दिवशी केली होती, मुदत संपली ती आपल्या उत्तरांची वाट पाहण्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माझ्याकडे आहे. २०१९ च्या कायद्यामुळे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात मला दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. वेळ जाईल, पण रजेसाठी पुन्हा दाढदुखी सांगेन.

मला पैसे परत नकोत, हे स्पष्ट लिहितो, कारण आपले लोक ते करून मोकळे होतील. कूपनही नको. ते मी वापरलेलं नाही, रद्द करावं. मला पहिली सीडी हवी आहे. सुटी देता येत नसेल तर पूर्ण नवा सेट द्यावा आणि हा परत न्यावा. तो बांधून ठेवला आहे. पाठवण्याआधी कोणीतरी केस उघडून एका सीडीवर '१' आणि दुसरीवर '२' आहे एवढं बघावं. वेष्टण फुटलेलं चालेल, मी त्याबद्दल तक्रार करणार नाही, लिहून देतो. आणि परत आलेला माल आपण कसा विकता याचं लेखी उत्तर द्यावं.

दिवसा घरी कोणी नसतं, कुरिअर संध्याकाळी सातनंतर पाठवावं. बेल बंद आहे, दार वाजवावं लागेल.

आपला ग्राहक,
डोंबिवली (पूर्व)

सोबत: पावतीची प्रत, आठ फोटो, आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रती.

ता. क. पार्सल उघडताना या वेळी व्हिडिओ काढणार आहे. मोबाइल मुलगी धरणार आहे.