दाखला नाही म्हणून मुलगी घरात बसून

संपादक साहेब, नमस्कार.
मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही जूनमध्ये लातूरहून दहिसरला आलो. बाकी सगळं अंगवळणी पडतंय, पहाटे पाणी आलं की उठून पिंप भरायचं, मिस्टरांचा डबा लोकलच्या टायमाला तयार ठेवायचा, आणि शेजारच्या काकू तर इतक्या चांगल्या की पहिल्याच दिवशी चहा घेऊन आल्या. पण मुलीच्या शाळेचं काय करायचं? सहावीत आहे ती. जुन्या शाळेचा दाखला अजून हातात आला नाही आणि इथली अनुदानित शाळा म्हणते, आधी दाखला आणा मग वर्गात बसवू. पोरगी जुन्याच वह्यांना परत परत कव्हर घालत बसते, बघून जीव तुटतो हो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अशा शाळेत बदली घेताना दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, आणि जुन्या मुख्याध्यापकांनीही तो लगेच द्यायचा असतो. मग हे ऑफिसातल्या लोकांना कोण सांगणार? शिक्षण विभागाने हा नियम प्रत्येक शाळेच्या गेटवर मराठीत मोठ्या अक्षरात लावायला सांगावा, एवढी कळकळीची विनंती.
– एक आई, दहिसर