तुझं ‘नाही’ ऐकलं गेलं पाहिजे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला राग आला. तुझ्यावर नव्हे, तुला गप्प बसवणाऱ्या त्या एका प्रश्नावर. नव्या ऑफिसात आडनाव ऐकून सहकाऱ्याने ‘कॅटेगरीतून का?’ असं विचारलं आणि तेव्हापासून मीटिंगमध्ये तुझं बोलणं मध्येच तोडलं जाऊ लागलं. हे तू थेरपिस्ट मॅडमना सांगितलंस, तर त्या म्हणाल्या, ‘लोक तुम्हाला कमी लेखतात याला पुरावा काय?’ आणि आता तू मला विचारतोस, की खोट तुझ्या विचारातच आहे का.

नाही रे, अजिबात नाही.

‘पुरावा काय?’ हा प्रश्न उपचार करताना मी स्वतः कितीतरी जणांना विचारते. माणसाचे चुकीचे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या, बेक आणि एलिस या मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारपद्धतींचा तो कणाच आहे. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत तर कि. मो. फडक्यांमुळे मराठी माणसांपर्यंत पोचली, आणि तिने अनेकांचं भलं केलं आहे. परीक्षेत नापास झालेला मुलगा ‘मी कुचकामी आहे’ म्हणतो, तेव्हा पुरावा विचारला की त्याचा फास सैल होतो. पण तू तुझं मत सांगत नव्हतास, घडलेली गोष्ट सांगत होतास. घडलेल्या गोष्टीला ‘विचारदोष’ ठरवलं की उपचारच अन्यायाच्या बाजूने उभा राहतो. माझं आडनाव ऐकून मला आजवर कोणी असं काही विचारलेलं नाही. त्यामुळे मी खुर्चीत बसून तुझ्याकडे पुरावा मागते तेव्हा त्या मागणीला किती धार असते, ते मला आतून कळणार नाही. ते मला तुझ्याकडूनच शिकावं लागेल.

हे दुखणं आमच्या व्यवसायाइतकंच जुनं आहे. १९०० सालच्या शरद ऋतूत व्हिएन्नात एका अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याकडे आणलं. फ्रॉइडने तिला ‘डोरा’ हे टोपणनाव दिलं. वडिलांचे त्यांच्या मित्राच्या बायकोशी संबंध होते, आणि तो मित्र या मुलीच्या मागे लागला होता. वडील म्हणाले, तिच्या मनाचे खेळ आहेत. फ्रॉइडने निदान घटना खरी मानली. पण तुझं त्या माणसावर मनातून प्रेमच आहे, असा आग्रह धरला. ती ‘नाही’ म्हणे, आणि तो नकारच त्याला होकाराची खूण वाटे. ३१ डिसेंबरला ती उठून गेली. १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात तिच्या जाण्यामागे त्याला सूडाची भावना दिसली. मला त्यात एका मुलीचा शाबूत विवेक दिसतो.

आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन! त्याच्याबद्दल मी तुझ्याशी रात्रभर बोलू शकेन. १९५३ साली तो तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. सभा, वॉर्डचं वर्तमानपत्र, सण, गाणी असं सगळं त्याने सुरू केलं. युरोपीय बायकांच्या वॉर्डात जीव आला. मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात काहीच हललं नाही. ‘ही माणसंच अशी’ असं म्हणून मोकळं होणं तिथे अगदी सोपं होतं. फॅनन आणि त्याचा तरुण सहकारी अझूले यांनी मात्र १९५४ साली लिहून टाकलं, की आपणच फ्रेंच माणसाच्या सवयी सगळ्यांच्या म्हणून लादल्या. दुभाष्यामार्फत बोलणंही बिघडत होतं, कारण त्या रुग्णांना दुभाष्या म्हटलं की कचेरी आणि कोर्ट आठवे. मग रुग्णालयात अरबी धाटणीचं कॉफीघर उघडलं, मुस्लिम सण साजरे झाले, गोष्टी सांगणारा कथेकरी आला. फॅनन स्वतः कृष्णवर्णीय, वसाहतीतच जन्मलेला. तरी डॉक्टर म्हणून त्याच्या हातात सत्ता होतीच, आणि त्याने ती ओळखली. म्हणून तो मला जवळचा वाटतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. समोरच्या माणसाला आपण पटकन गुरू करतो. मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नातं हे भारतीय उपचाराचं प्रारूप होऊ शकेल असं मांडलं. त्यात ऊब आहे, हे मला मान्य आहे. आपला माणूस सल्ला मागायलाच येतो. पण गुरूला ‘तुम्ही चुकताय’ कसं म्हणायचं? आणि त्या परंपरेत कोणाला शिष्य होऊ दिलं जायचं, ते तुला मी काय सांगणार!

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. दाराशी कोणी तुला अडवलं नाही, खरंच. पण आत गेल्यावर तुझ्या जगण्यातला एवढा मोठा भाग दाराबाहेर ठेवावा लागत असेल, तर तो हक्क अर्धाच मिळाला.

माझं ऐकशील तर त्या मॅडमकडे जाणं लगेच सोडू नकोस. सहा महिन्यांत त्यांनी तुझी झोप परत आणली, आईच्या जाण्याबद्दल तुला रडू दिलं, हे तूच मला सांगितलं आहेस. पुढच्या वेळी सरळ म्हण, ‘त्या दिवशी तुम्ही पुरावा विचारलात तेव्हा मी एकटा पडलो. जातीबद्दल इथे बोलता येईल का?’ मग त्या काय करतात ते बघ. थांबून, ‘मला अजून सांगा’ म्हणाल्या, तर त्यांच्याकडे जात राहा. तुझ्या संवेदनशीलतेवर बोलू लागल्या, विषय बालपणाकडे वळवला किंवा ‘मी जात मानत नाही’ म्हणून मोकळ्या झाल्या, तर दुसरं कोणी शोधू. जातीचा अनुभव समजून घेणारे समुपदेशक आता आहेत. मी दोघा-तिघांशी बोलून ठेवते. फीची काळजी करू नकोस, उत्पन्नानुसार कमी करणारेही आहेत.

वाटलं तर ते वाक्य कागदावर लिहून ने आणि वाचून दाखव. सेशन झालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी मैत्रीण