वकिलीची सनद आणि सीमाभागातील मुले

संपादक महोदय,

कर्नाटकातल्या निपाणी, खानापूरकडची अनेक मुले कायद्याची पदवी कोल्हापुरातून घेतात आणि 'कर्नाटकातली सनद (वकिलीचा परवाना) मिळणार नाही' या ऐकीव गोष्टीने धास्तावतात. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, २१ वर्षे पूर्ण आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या राष्ट्रीय संस्थेने मान्यता दिलेली पदवी लागते. ती कर्नाटकातलीच हवी, असे कुठेही म्हटलेले नाही! जिथे वकिली करायची, तिथल्या राज्य बार कौन्सिलकडे नोंदणीसाठी अर्ज करायचा. दोन राज्यांत एकाच वेळी नाव ठेवता येत नाही. पण पुढे कोल्हापूरला गेलात तर कलम १८ नुसार नोंदणी तिकडे विनाशुल्क हलवता येते. अखिल भारतीय बार परीक्षा मात्र द्यावीच लागते.

खरी धास्ती पैशांची. कायद्यात नोंदणी शुल्क एकूण ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क वेगळे. याहून जास्त आकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. शेतमजुराच्या मुलीला हे आधी कळायलाच हवे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वकील संघटनांनी ही माहिती मराठी व कन्नडमध्ये न्यायालयाच्या फलकावर लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर