मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणाला, तरी खालीही बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आठवी-नववीतला मुलगा पहाटे पोट धरून उठतो, एक-दोन उलट्या होतात, घरचे ओवा किंवा ॲसिडिटीची गोळी देतात आणि फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडायची वाट बघतात. अशा मुलांपैकी काहींचे मूळ दुखणे अंडकोशात असते. वृषणाला पीळ पडलेला असतो, त्याची कळ ओटीपोटात जाते आणि नेमकी जागा आईला सांगायची मुलाला लाज वाटते. ही लाज महागात पडते, म्हणून हे पत्र.

वृषण ज्या रज्जूला लटकते, तिच्यातूनच त्याची रोहिणी, शिरांचे जाळे आणि शुक्रवाहिनी जाते. बहुतेकांचे वृषण मागच्या बाजूने अंडकोशाला चिकटलेले असते, त्यामुळे ते फिरत नाही. काहींना हा आधार जन्मतःच नसतो. त्यांचे वृषण घंटेच्या लोलकासारखे मोकळे लोंबते आणि खेळताना, मार लागल्यावर, कित्येकदा तर झोपेतच स्वतःभोवती फिरते. आधी शिरा दबतात, आत आलेले रक्त बाहेर जात नाही, सूज वाढते आणि मग रोहिणीही बंद होते. पहिल्या 6 तासांत पीळ सुटला तर 10 पैकी 9 वृषणे वाचतात. 12 तासांनी जेमतेम निम्मी, 24 तासांनंतर क्वचित एखादे. हे तास दुखायला लागल्यापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे.

सर्वाधिक रुग्ण 12 ते 18 वयाचे असतात; नवजात बाळांतही हे होते, मोठ्यांतही. एका बाजूला अचानक असह्य कळ, मळमळ, ते वृषण वर ओढलेले किंवा आडवे, स्पर्श सहन न होणे, या खुणा. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवले की त्या बाजूचे वृषण एरवी वर सरकते. पीळ पडला असेल तर बहुधा सरकत नाही. पोटदुखीच्या प्रत्येक मुलाची चड्डी उतरवून तपासणी व्हायलाच हवी, आणि डॉक्टर विसरले तर पालकांनी आठवण करून द्यावी.

उशीर डॉक्टरांकडेही होतो. ‘इन्फेक्शन’ समजून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवले जाते. वृषणातला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी उपयोगी आहे, पण पीळ अर्धवट असेल तर तीत रक्तप्रवाह दिसू शकतो. लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी सकाळपर्यंत थांबणे चूकच. दुखणे आपोआप थांबले तरी निर्धास्त राहू नये. सुटलेला पीळ पुन्हा पडतो. त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.

शस्त्रक्रिया मोठी नाही. अंडकोशावर छेद घेऊन पीळ सोडवतात, कोमट ओल्या कापडात ठेवून रंग परततो का ते बघतात आणि वृषण टाके घालून पक्के करतात. दुसरी बाजूही त्याच वेळी शिवतात, कारण दोष बहुधा दोन्हीकडे असतो. वृषण काळे पडून मेले असेल तर काढावे लागते. ‘मग याला मुले होतील का?’ या धास्तीने काही पालक सही करायला अडखळतात. उरलेले एक निरोगी वृषण सहसा बाप व्हायला आणि हार्मोनसाठी पुरते. अडखळण्यात मात्र तास जातात.

पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर, कोथरूड-कर्वेनगरच्या होस्टेलांत हजारो मुले घरापासून लांब राहतात. रात्री 2 वाजता रेक्टरना काय सांगायचे, या संकोचात ती वेदनाशामक गोळी घेऊन पडून राहतात. रेक्टरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. अशा वेळी मुलाला खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागते. दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि रात्री शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात थेट न्यावे. ससून रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो, रुग्णवाहिकेसाठी 108.

लहान बाळांच्या पालकांनीही एक बघावे. 6 महिन्यांनंतरही अंडकोशाची एक बाजू रिकामी लागत असेल तर वृषण खाली उतरलेले नाही. ते पुढे आपोआप उतरण्याची शक्यता फारच कमी, म्हणून शस्त्रक्रिया 6 ते 18 महिन्यांच्या वयात करून घ्यावी. न उतरलेल्या वृषणालाही पीळ पडतो, आणि तेव्हा दुखते ते जांघेत. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके तपासणीला येतातच. त्यांनी मुलग्यांची ही तपासणी आडोशाला, पण न चुकता करावी.

आपले,
बालशल्यचिकित्सा क्षेत्रातील काही डॉक्टर, पुणे