फॉर्ममधली ती चौकट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आयव्हीएफवरचा लेख वाचला. या विषयावर मराठीत इतकं मोकळेपणाने क्वचितच कुणी लिहितं, त्याबद्दल आधी आभार मानते. पण ‘असिस्टेड हॅचिंग’च्या परिच्छेदापाशी मी थांबले. ‘भ्रूणाचं कवच लेझरने उघडून दिलं की तो गर्भाशयात सहज रुजतो,’ असं तिथे सरळ लिहून टाकलंय. हेच वाक्य मी पूर्वी दवाखान्यात ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. एकदा नाही, दोनदा.

लेखात कवच अगदी खलनायक झालंय, म्हणून आधी त्याची बाजू मांडते. स्त्रीबीजाभोवतीच्या या पारदर्शक आवरणाला झोना पेल्युसिडा म्हणतात. जाडी साधारण १५ ते २० मायक्रॉन. म्हणजे असली पन्नासेक आवरणं एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर भरेल. एक शुक्राणू आत शिरला की हे आवरण आपलं रूप बदलतं आणि दुसऱ्याला दार बंद करतं. तिसऱ्या दिवशी भ्रूणात सहा ते आठ पेशी असतात, त्या अजून एकमेकींना घट्ट धरून नसतात. त्यांना एकत्र ठेवण्याचं काम कवचच करतं. नैसर्गिक गर्भधारणेत भ्रूण नलिकेतून खाली येताना वाटेतच कुठे चिकटू नये, हेही तेच पाहतं. पाचव्या दिवसापर्यंत भ्रूणाचा ब्लास्टोसिस्ट होतो. शंभराच्या आसपास पेशी, मधे द्रवाने भरलेली पोकळी. मग तो फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. कवच ताणून पातळ होतं, एका जागी फाटतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण त्यातून बाहेर पडतो. मला एकदा प्रयोगशाळेच्या पडद्यावर असा अर्धा बाहेर आलेला भ्रूण दाखवला होता. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, मधे चिमटलेला. त्या दोन मिनिटांत मी सगळ्या इंजेक्शनांचा हिशोब विसरले होते, हे कबूल करते.

हे बाहेर पडणं अडलं तर रुजणंही अडणार, यात शंका नाही. कल्पना तिथूनच आली. शुक्राणूला आत जायला सोपं व्हावं म्हणून ज्या बीजांच्या कवचाला आधीच चीर दिली होती, त्यांचे भ्रूण जास्त रुजताना दिसले, आणि १९९० मध्ये जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम भोक पाडून देण्याची पद्धत मांडली. प्रयोगशाळेतल्या द्रावणात राहून किंवा गोठवल्यामुळे कवच कडक होत असावं, असा तर्क होता. सुरुवातीला सुईने चिरायचे किंवा आम्लाचा बारीक फवारा मारायचे. आता १.४८ मायक्रॉन तरंगलांबीचा इन्फ्रारेड लेझर वापरतात. काही मिलिसेकंदांचं काम.

तर्क पटण्यासारखा आहे. म्हणूनच तो तपासून पाहायला हवा होता, आणि तो तपासलाही गेलाय. लेखात नेमकं तेच आलेलं नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ३९ चाचण्या आणि ७,२४९ स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. हॅचिंगशिवाय १०० पैकी २८ जणींना बाळ होत असेल, तर हॅचिंग केल्यावर तो आकडा २७ ते ३४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, इतकंच त्यातून म्हणता आलं. म्हणजे थोडा फायदा असेल, काहीच नसेल, किंवा किंचित तोटाही असेल. गर्भ राहण्याचं प्रमाण जरा वाढत असावं, पण एकाहून जास्त गर्भ राहण्याची शक्यताही वाढू शकते. गर्भ राहणं आणि बाळ हातात येणं यांत किती महिने आणि किती भीती असते, ते इथे समजावत बसत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर असिस्टेड हॅचिंगची शिफारस करू नये असंच म्हटलंय. गोठवलेले भ्रूण किंवा वारंवार अपयश आलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत काही डॉक्टर अजून त्याचा विचार करतात. पण तिथेही पुरावा भक्कम नाही.

भ्रूण रुजत नाही याचं कारण बहुतेक वेळा कवचाच्या आत असतं. गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. स्त्रीचं वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं, आणि चाळिशीनंतर तर बहुसंख्य भ्रूण असेच असतात. अशा भ्रूणाला दार उघडून दिलं तरी तो पुढे जाणार कुठे? दुसरी बाजू अस्तराची. गर्भाशयाचं अस्तर मासिक चक्रातले मोजके दिवसच भ्रूणाला स्वीकारतं. त्या बाजूनेही उपाय निघालेच. माझ्या दुसऱ्या सायकलला, म्हणजे उपचाराच्या दुसऱ्या फेरीला, अस्तराला ओरखडा काढण्याची प्रक्रिया, ‘स्क्रॅच’, करून झाली. दुखलं. पुढे २०१९ मधल्या मोठ्या चाचणीबद्दल वाचलं. १,३६४ स्त्रिया, निम्म्यांना स्क्रॅच, निम्म्यांना नाही. बाळ होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत २६.१ टक्के. दशांश चिन्हापुढेही फरक नाही. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते.

मला खरं बोलायचंय ते त्या फॉर्मबद्दल. ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, आधी संमतिपत्राची पानं येतात आणि त्यात शेवटच्या पानावर एक छोटी चौकट असते: असिस्टेड हॅचिंग, हो किंवा नाही. पोटात गोळा, मूत्राशय भरलेलं, समोर नर्स पेन धरून उभी. अशा वेळी ‘नाही’वर खूण करणारी बाई मला दाखवा. उद्या रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आयुष्यभर वाटत राहणार की आपणच काहीतरी करायचं ठेवलं. ‘हो’ला कुणी कारण विचारत नाही. तिसऱ्या वेळी मात्र मी विचारलं, माझ्या भ्रूणांचं कवच जाड आहे का, कुणी मोजलंय का? उत्तर आलं, ‘आम्ही सगळ्यांनाच करतो.’ तेव्हा पेन खाली ठेवलं.

कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. ती माणसं मनापासून काम करत होती, आणि माझ्याइतकंच त्यांनाही काहीतरी करत राहायचं होतं. लेझरचा उपयोगच नाही असंही नाही; भ्रूणाची जनुकीय तपासणी करायची तर पेशी काढायला कवचाला भोक पाडावंच लागतं. तिथे त्या भोकाला कारण असतं. माझी मागणी तेवढीच आहे. ती चौकट समोर ठेवण्याआधी ‘तुमच्या बाबतीत का’ हे दोन वाक्यांत सांगावं, आणि तेही ट्रान्सफरच्या टेबलाशेजारी नको, आठवडाभर आधी, भानावर असताना. आणि वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनी ‘सहज रुजतो’ लिहिताना आपलं वाक्य कोणत्या खोलीत, कोणाच्या हातात पडणार आहे याचा थोडा विचार करावा.

तिसऱ्या आणि चौथ्या ट्रान्सफरचं काय झालं, हे मुद्दाम लिहीत नाही. जे झालं त्याचं श्रेय किंवा दोष हॅचिंग न करण्याला देता येणार नाही, आणि वाचणारी प्रत्येक जण तेच करून मोकळी होईल. मीही तेच केलं असतं.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतचं छायाचित्र हॅचिंगचं नाही. डावीकडे नळीने धरून ठेवलेलं बीज आणि उजवीकडून आत शिरणारी बारीक सुई, ही इक्सी आहे. त्यात शुक्राणू थेट बीजात सोडतात. लेझर हॅचिंगमध्ये सुई आत घालत नाहीत आणि आवरणाच्या आत एक पेशी नसते, अनेक असतात. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी.

कळावे,
आपली एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती.)