केंद्र असे बांधा की गवंड्याला नक्कल करता येईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेपाळच्या दुर्गम डोंगरात एक छोटी सेवाभावी संस्था स्वयंसेवकांसाठी भूकंपरोधक केंद्र बांधते आहे आणि त्यासाठी आपल्याकडचे काही गिर्यारोहक निधी जमवत आहेत, ही आपल्या अंकातील बातमी वाचून फार बरे वाटले. अन्नपूर्णा आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर मराठी माणसे दरवर्षी जातात. ज्यांच्या पाठीवर आपले सामान चढते त्यांच्या गावासाठी कोणी हात सैल सोडत असेल, तर त्याचे कौतुकच व्हावे. मी धाराशिव जिल्ह्यातला. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर अभियंता म्हणून होतो. त्या कामाच्या जोरावर या मंडळींना आग्रहाने सांगावेसे वाटते की, केंद्र गावातल्या गवंड्याला बघून नक्कल करता येईल असे बांधा. बाहेरून आलेले स्वयंसेवक भक्कम भिंतींत झोपले आणि भोवतालचे गाव जुन्याच भिंतींत राहिले, तर एवढ्या लांब पैसे पाठवून निम्मेच काम झाले.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी झाला. केंद्रबिंदू गोरखा जिल्ह्यात, बारपाकजवळ, तीव्रता ७.८. सुमारे नऊ हजार माणसे गेली, पाच लाखांच्या आसपास घरे पार कोसळली. तो शनिवार होता, नेपाळातला साप्ताहिक सुट्टीचा दिवस. मुले शाळेत नव्हती, डोंगरातली बरीचशी माणसे शेतात होती. त्या दिवशी ज्या हजारो वर्गखोल्या पडल्या त्या भरलेल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. आमच्या नशिबी तेवढी सवड नव्हती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपलेली. तीव्रता ६.२ च्या घरात, म्हणजे नेपाळच्या मानाने कितीतरी कमी. तरी माणसे मेली ती आठ ते दहा हजार.

नेपाळच्या डोंगरातले घर आणि आमच्याकडचे घर वरून वेगळे दिसते. आमच्या माळवदावर दीड-दोन फुटांचा मातीचा थर असायचा, तिकडे उतरते छप्पर. भिंत मात्र तीच. दीड-दोन फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. एक पदर आतून, एक बाहेरून, आणि मधल्या जागेत कपच्या व माती भरलेली. दोन्ही पदरांना एकमेकांशी जोडणारे काहीच नाही. हादरे बसू लागले की मधली भर खाली दबते, भिंतीला पोट सुटते, दोन पदर दोन बाजूंना पडतात आणि छप्पर आतल्या माणसांवर येते.

यावरचा उपाय आपल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये १९९३ सालीच छापलेला आहे. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, आडव्या अंगाने चार फुटांच्या आत, दोन्ही पदर जोडणारा एक आरपार दगड हवा. कोपऱ्यात लांब दगड आलटूनपालटून बसवावेत. दाराखिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींवर फिरणारा सलग पट्टा हवा, आणि छपराखाली व गरजेप्रमाणे जोत्यावरही. तो काँक्रीटचा चालतो, लाकडाचाही चालतो. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव जशी आरे आणि पुठ्ठे आवळून धरते, तसा हा पट्टा चारी भिंती धरून ठेवतो. कोपऱ्यावर तो खंडित झाला की सगळे व्यर्थ, आणि कंटाळा होतो तो नेमका तिथेच सळया वळवून बांधण्याचा. नेपाळात अजून एक गोष्ट दिसली. उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी दगडी भिंती ठिकठिकाणी ढासळल्या. तेवढा भाग दगडात चढवूच नये. फळ्या किंवा पत्रा ठोकावा.

आरपार दगडाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण फसवणूक होते ती इथे. एवढा लांब दगड सहज हाताला लागत नाही, आणि लागला तरी त्याचे दोन तुकडे करण्याकडे गवंड्याचा कल असतो. आम्ही नव्या भिंतीत अशा प्रत्येक दगडाच्या दोन्ही तोंडांना चुना लावून घ्यायचो. आतले आणि बाहेरचे ठिपके जुळले की खात्री पटायची. दगड मिळालाच नाही तर काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्यायचा. उभ्या भिंतीत हेच काम जास्त नाजूक. एक दगड हलक्या हाताने काढायचा, आतली भर उकरायची, पलीकडचा दगड सोडवायचा, त्या भोकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. सुरुवातीला घरमालक दारातच अडवायचा, "साहेब, हाय ती भिंत पाडू नका." शेजारच्याचे काम डोळ्यांनी पाहिले की तोच निरोप धाडायचा. आमच्या सभांनी आणि पत्रकांनी जे झाले नाही, ते शेजारच्या एका भिंतीने झाले.

म्हणून संपूर्ण केंद्र सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यात उभारण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. पोती खेचराच्या पाठीवर चढवायची, लांब सळया मधोमध दुमडून न्यायच्या आणि वर पुन्हा सरळ करायच्या, पावसाळ्यात सिमेंटला गाठी धरायच्या, रात्री थंडीने पाणी गोठायचे, आणि दिवसा पाणी मारायला माणूस नसायचा! असे काँक्रीट नकाशावरच मजबूत असते. शिवाय गावकऱ्याला ते परवडणार नाही. तो केंद्राकडे कौतुकाने बघेल आणि घरी जाऊन पुन्हा तशीच भिंत रचेल. दगड, माती, लाकूड तिथे आहे, दगड रचणारे डकर्मी तिथे आहेत. सिमेंट लागेल ते पट्ट्यांपुरते. नेपाळ सरकारने २०१५ नंतर ग्रामीण घरांचे जे नमुने प्रसिद्ध केले, त्यांत दगड-मातीची घरेही आहेत. किल्लारीनंतर आमच्याकडे लोकांना दगडाचीच धास्ती बसली. पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणाऱ्यांचे काम बसले आणि लोक सिमेंटच्या मागे लागले. वाईट बांधणीचे पाप दगडाच्या माथी मारले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी वाट नेपाळातच दिसते. १९९३ साली स्थापन झालेल्या एनसेट या तिथल्या संस्थेने जुन्या शाळा मजबूत करताना स्थानिक गवंड्यांना शिकवले, आणि २०१५ मध्ये काठमांडू खोऱ्यातल्या त्या मजबूत केलेल्या शाळा उभ्या राहिल्या. उलट ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिमेकडे जाजरकोट भागात धक्का बसला, तेव्हा पुन्हा दगड-मातीच्याच भिंती पडल्या आणि दीडशेवर माणसे गेली.

जागेकडेही बघावे. २०१५ मध्ये लांगटांग गाव हिमकडा कोसळून गाडले गेले. तिथे कितीही पट्टे घातले असते तरी उपयोग नव्हता. वरचा कडा, दरड आणि ओढ्याची जुनी वाट पाहूनच पाया खणावा.

निधी गोळा करणाऱ्यांनी पैसे एकदम पाठवू नयेत. नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबांना तीन लाख नेपाळी रुपये ५० हजार, दीड लाख आणि एक लाख अशा तीन हप्त्यांत दिले, आणि पुढचा हप्ता काम तपासल्यावर सोडला. तीच पद्धत इथे ठेवावी. जोते झाल्यावर छायाचित्र मागवावे, काँक्रीट ओतण्याआधी कोपऱ्यातल्या सळयांचे मागवावे, छपराखालच्या पट्ट्याचे मागवावे. उद्घाटनाचे छायाचित्र नाही आले तरी चालेल. आणि आसपासच्या गावांतून शिकायला येणाऱ्या गवंड्यांची रोजची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. रोज बुडवून कोणी शिकायला येत नाही, आणि यायलाही सांगू नये.

लातूर-धाराशिव भागात त्या मजबुतीकरणावर राबलेले गवंडी आणि अभियंते अजून आहेत. संस्थेने किंवा निधी जमवणाऱ्यांनी केंद्राचा नकाशा आपल्या कार्यालयामार्फत आमच्याकडे पाठवला, तर आम्ही काही जण बसून तो विनामोबदला तपासून देऊ. पावसाळ्याआधी पाठवल्यास बरे, म्हणजे बदल सुचवायचे झाले तर पाया खणण्यापूर्वी कळवता येतील.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
उमरगा, जि. धाराशिव