कातळाला ‘पोटखराबा’ लिहिणारा हात माझाच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दर मे महिन्यात आपल्या अंकात कोकणातल्या टँकरची बातमी येते आणि तिच्यात एक वाक्य ठरलेले असते: पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण सगळे पाणी समुद्राला जाते. वाक्य खोटे नाही. पण समुद्र काही काल-परवा आमच्या शेजारी राहायला आलेला नाही. आमच्या आजोबांच्या वेळीही तो तिथेच होता, डोंगरउतारही तेच होते, आणि तरी आमच्या वाडीचा झरा रोहिणी नक्षत्रापर्यंत वाहायचा. मधल्या काळात काय बदलले ते सांगायचे आहे. त्यात माझाही हात आहे, म्हणून पत्र जरा लांबेल.

मी 1981 ते 2016 तलाठी होतो. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात हाक अजून ‘भाऊसाहेब’ अशीच येते.) सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झाली. आता राजापूर तालुक्यातल्या मूळ घरी राहतो. घर सड्याच्या पायथ्याशी आहे. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांनी असे समजावे, की डोंगर चढून वर जावे तर माथा टोकदार नसतोच. जांभ्या दगडाचे उघडे मैदान लागते. उन्हाळ्यात काळेठिक्कर, अनवाणी चालवणार नाही असे. सात-बाऱ्यावर ह्या कातळाची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. पोटखराब्याचे वर्ग दोन. ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य, खडकाळ वगैरे. ‘ब’ म्हणजे रस्ता, स्मशान, किंवा ज्याचे पाणी इतर लोक पिण्यासाठी वा शेतीसाठी वापरतात असा तलाव, ओढा. नोकरीची पस्तीस वर्षे मी कातळाखालून निघणारा पऱ्या, म्हणजे लहान ओढा, ‘ब’ वर्गात लिहिला आणि ज्या कातळातून त्याला पाणी येते तो कातळ ‘अ’ वर्गात. पाणी एकच, पण खाली आले की सार्वजनिक आणि वर असताना खराबा! नियमाप्रमाणे माझे बरोबर होते. सर्कलसाहेबांनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, तपासणीत ह्या नोंदीवर कधी लाल शाई मारली नाही. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशावहीतही उघडा कातळ पडीकच धरतात, म्हणजे वरपासून खालपर्यंत आमचे एकमत होते.

कातळ पडीक कसा नाही हे मला पुस्तकाने नाही, आमच्या डोणीने, म्हणजे झऱ्याचे पाणी धरणाऱ्या दगडी कुंडीने शिकवले. जांभा वरून कठीण दिसतो पण आतून जाळीदार असतो, फुगलेल्या पावासारखा. पावसाचे पाणी सड्यावरच्या खळग्यांत साचते, भेगांतून आणि भोकांतून हळूहळू उतरते. खाली चिकणमातीचा थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही. मग ते आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, जिथे दगड संपून माती सुरू होते, तिथे झरा होऊन बाहेर पडते. आमच्या वाडीतली घरे, पोफळीची बागायत आणि वायंगणी भाताचे (पावसाळ्यानंतर झऱ्याच्या पाण्यावर घेतात त्या भाताचे) चार कुणगे, म्हणजे लहान खाचरे, त्याच रेषेवर आहेत, हा योगायोग नव्हे. पूर्वजांनी आधी पाणी पाहिले, मग घर बांधले. झऱ्याचे पाणी पोफळीच्या पन्हळीने दगडी डोणीत यायचे. आई कळशी लावून माझ्याकडून अंक म्हणून घ्यायची. शिमग्याला वीस म्हणेपर्यंत कळशी भरायची, अक्षय तृतीयेला चाळीस लागायचे. मे अखेर शंभर लागले, तरी भरायची.

आणि वरचा सडा! मृगाच्या पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकणच्या कातळाबाहेर शोधायला गेलात तर मिळणे कठीण. पुढे खळग्यांत गेंद आणि सीतेची आसवे. ह्या आसवांची निळी-जांभळी फुले दिसायला नाजूक, पण ते झाड किडे खाते, कारण त्या बोटभर मातीत पोटाला दुसरे काही नाही. जरा खोल खळगा असेल तिथे बांध घालून लोक भात लावायचे. गुरे दिवाळीपर्यंत वरच चरायची. दगड उचलताना फुरशाची भीती असायची, आणि ती रास्तच होती. सड्याचे गुणगान करताना फुरसे वगळणारे लोक सड्यावर कधी राहिलेले नसतात.

1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरांना पहिल्यांदा गावात पैसा दिसला. पण उतारावरची, मातीची जमीन आंब्याच्या कलमांनी भरली, तशी लोकांची नजर वर कातळाकडे गेली. मग सुरुंग आले. कातळात खड्डे फोडायचे, दुसऱ्या डोंगराची माती डंपरने आणून त्यात भरायची, भोवती चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांचा, गडगा घालायचा आणि हापूस लावायचा. माती आणली तो डोंगर उघडा पडला, तो हिशेब कोणी केला नाही. पहिल्या पावसात ती माती वाहून खळग्यांत आणि भेगांत बसते. ज्या वाटेने पाणी मुरायचे ती वाटच लिंपली जाते. आमचा झरा पहिल्यांदा तांबडा आला तेव्हा म्हातारी माणसे घाबरली होती. मी त्यांना ‘गढूळ आहे, निवळेल’ असे सांगितले. तो निवळला खरा, पण पुढच्या वर्षी अक्षय तृतीयेलाच करंगळीएवढा झाला.

इथे कबूल करतो, की त्या सड्यावर माझीही पन्नास कलमे आहेत. खड्डे 1997 साली फोडले. आता त्यांना पाणी घालायला सड्यावरच विंधन विहीर मारली आहे. म्हणजे आधी मुरणे बंद केले आणि नंतर जे मुरले होते तेही उपसले. वर मोहोरासाठी मुळाशी घालायचे कल्टार आणि फवारण्या आहेतच. त्यांचे पाणी कुठे जाते हे मला डोणीकडे बघून कळते, प्रयोगशाळेची गरज नाही.

तरी कलम बरे, असे म्हणायची वेळ चिरेखाणीने आणली. कलमवाला कातळ फोडतो, खाणवाला तो घेऊनच जातो. यंत्राने चिरे कापत-कापत चिकणमातीपर्यंत गेले, की पाणी धरणारे भांडेच उरत नाही. खड्डा पावसात भरतो, लोक म्हणतात बघा तळे झाले. दिवाळीनंतर जाऊन बघा. आमच्या सड्याची खाण संपून बरीच वर्षे झाली. खड्डे तसेच आहेत, आणि झरा आता शिमग्यालाच आटतो. वायंगणी भात गेले. बागायतीतल्या पोफळी मेल्या, तिथे आता ‘समुद्र दिसणारे प्लॉट’ अशी पाटी आहे. टंचाई आराखड्यात आमच्या वाडीचे नाव पहिल्यांदा लिहिले तेही मीच.

मग 2018 साली नियम बदलला. वर्ग ‘अ’चा पोटखराबा मालकाने लागवडीखाली आणला असेल, तर तो लागवडयोग्य क्षेत्रात घेऊन त्यावर आकारणी बसवता येते. कर्ज, नुकसानभरपाई ह्यासाठी शेतकऱ्याला त्याचा उपयोग होतो, म्हणून मी त्याच्या विरुद्ध नाही. पण कातळ फोडला तर कागदावर जमीन वाढते आणि राखला तर तो खराबाच राहतो. अशा हिशेबात राखणारा मूर्ख ठरणार, दुसरे काय?

आमच्याच तालुक्यात उन्हाळे गावी गंगा येते, म्हणजे जमिनीतून अवचित पाणी वर येते. चौदा कुंडे भरतात, पेपरात फोटो येतो, गाड्यांची रांग लागते. मीही स्नानाला जातो. पण वाड्यावाड्यांच्या डोणी सुकल्या त्याची बातमी टँकर आल्यावरच होते, झऱ्याची म्हणून होत नाही. कातळशिल्पांचे थोडे बरे झाले. कशेळी, देवीहसोळ, बारसू इथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसे कोरली, म्हणून 2022 साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ज्या कातळावर कोणी काही कोरले नाही त्याच्या पोटात नुसतेच पाणी आहे, त्याला यादी नाही.

माझे मागणे मोठे नाही, जुन्या तलाठ्याचे आहे. चिरेखाणीचा किंवा बिनशेतीचा अर्ज आला, की सड्याच्या कडेचे झरे एप्रिल-मेमध्ये जाऊन पाहावेत. पावसात नको, पावसात प्रत्येक दगडाला झरा असतो. ज्या कातळातून वस्तीला पाणी येते त्याची नोंद झऱ्याबरोबर व्हावी. ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या कपाटात आहेत, त्यात दीपकाडीबरोबर डोणही लिहावी.

सुरुवात स्वतःपासून म्हणून गेल्या महिन्यात मी तलाठी कार्यालयात अर्ज केला. माझ्या गटात न फोडलेला साठ आर कातळ शिल्लक आहे, तो झऱ्याचा कातळ म्हणून नोंदवावा आणि माझ्या पश्चात वारसांनीही फोडू नये, असे लिहून दिले. टेबलावरचा मुलगा तरुण आहे, कामाला चोख. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, “भाऊसाहेब, हे सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्का’त घेऊ म्हणता, पण हक्क कुणाचा लिहू?” मी पस्तीस वर्षे ते रकाने भरले, पण मला उत्तर देता आले नाही. अर्ज अजून त्याच्याकडेच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी